पूजेतला हातोडा

गंजलेला नट गोडीगुलाबीनं कधीच सुटत नाही. त्याला आधी तेल पाजायचं, मग बडवायचं, मग पान्यावर पाय ठेवून अख्ख्या अंगाचा भार टाकायचा. आणि तो सुटला की पाना घसरून बोटाचं सालटं जातंच. माझ्या अंगठ्याचं नख असंच काळं पडून गळालं. तरी सांगते, तसलं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही. दिवसभर ऑफिसात गिळलेला राग संध्याकाळी हातोड्यानं बाहेर काढायचा आणि भाकरी खाऊन शांत झोपायचं. मी मुळात जमदग्नीचा अवतार. शेजारीण पोरांना दटावायची, "तिच्या गाडीपाशी जाऊ नगा, पाना फेकून हाणंल."

गाडी अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची. पांढरी, जुन्या घडणीची, गिअरची दांडी स्टिअरिंगलाच. ते गेल्यापासून उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरापुढं ताडपत्रीखाली सडत होती. गंगापूरकडं शेती करणारा माझा मोठा भाऊ दर खेपेला आईला म्हणायचा, "काढा ते भंगार." मी आडवी पडायचे. मी शेंडेफळ. अण्णा शीळ घालत गाडी धुवायचे आणि मला टपावर बसवायचे. त्या टपाइतकं उंच मी पुन्हा कुठं बसले नाही. शेवटी कडाक्याचं भांडण होऊन ठरलं, की दसऱ्यापर्यंत चालू झाली तर राहील, नाही तर भंगारवाल्याची.

मग मी हात धुवून तिच्या मागं लागले. मोबाईलवरचे व्हिडिओ बघत इंजिन खोललं, जोडलं, चुकलं म्हणून शिव्या घालत पुन्हा खोललं. सायलेन्सरला भोकं पडली होती. नवा मिळत होता, पण नव्यानं तिचा आवाज गेला असता. अण्णांच्या वेळी ती आधी दोनदा खोकायची आणि मग खर्जात घुमायची. मला तोच आवाज पाहिजे होता, म्हणून जुनाच वेल्डिंग करून बसवला. अष्टमीला ती खोकली आणि घुमली. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. गावाकडं विळे-कुऱ्हाडी मांडतात, मी माझे पाने, जॅक आणि अण्णांचा जुना हातोडा पाटावर मांडला. हळदकुंकू, झेंडूची फुलं. आमच्या घरात मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलत नाहीत. पाट हलला तरी आई बोलते.

तेवढ्यात दारात टेम्पो थांबला आणि भाऊ उतरला. टेम्पो आजच रिकामा मिळाला म्हणे.

"उद्यापर्यंत कशाला थांबायचं? ती काय चालू व्हायची नाय," तो म्हणाला.

"थांब दादा, दाखवते." मी तोऱ्यात जाऊन किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि घुमायला लागली.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, हरला. पण तो वाकला, पाटावरचा हातोडा उचलला आणि बॉनेटवर घातला. फुलं उडाली. दुसऱ्या घावात दिवा फुटला, तिसऱ्यात पुढची काच. आई ओरडली, "आरं, पूजेतलं हाय ते!" मी खाली उतरले. जॅकची दांडी हाताशी होती, उचलली असती तर त्या दिवशी त्याचं डोकं राहिलं नसतं. पण पूजेतलं उचलायचं नव्हतं, म्हणून चप्पल उचलली. पाठीत हाणली, तोंडावर हाणली, दंडाला कडकडून चावले. त्याचं कोपर बसलं आणि माझा ओठ फाटला. टेम्पोवाला टेम्पो घेऊन पळाला. भाऊ मात्र गाडीवर घाव घालतच होता, आणि इंजिन तसंच घुमत होतं.

"बंद कर!" तो ओरडला. "बंद कर तो आवाज! गावाकडं हा आवाज आला की मी कडब्याच्या गंजीमागं लपायचो. तिथून वढून काढायचे मला!"

मी किल्ली फिरवली. तो हातोडा टाकून पायरीवर लहान पोरासारखा अंग चोरून बसला.

"खरंय त्याचं," आई म्हणाली. "तू व्हायच्या आधी. गाडीला जरा चरा पडला की ह्यांच्या हातात फॅनबेल्ट. कातडं निघायचं पोराचं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू टपावर बसून हसायचीस. काय सांगू?"

मला त्याचा राग आला, आईचा आला, मेलेल्या माणसाचा तर एवढा आला की पाट लाथाडावासा वाटला. ज्या आवाजासाठी मी नख गमावलं, तो मी दादाच्या मानगुटीवर पुन्हा बसवला होता. भाऊ चहाही न घेता गेला. बॉनेटच्या पहिल्या खड्ड्यात कुंकू लागलं होतं. मी ते पुसलं नाही.

दिवाळीनंतर तो आपण होऊन आला. बराच वेळ बॉनेटवर हात फिरवत उभा राहिला.

"ठोकून निघतं का हे?"

"निघतं. पण दोघं लागतात. एकानं वरून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, एकानं खालून ठोकायचं."

त्यानं न विचारता हातोडा घेतला. मी बॉनेट उघडलं, ठोकळा खड्ड्यावर दाबला. तो खालून ठोकायला लागला. आधी बेतानं, मग दात खाऊन. पत्रा वर येत होता आणि प्रत्येक घाव ठोकळ्यातून माझ्या तळहातात, तिथून खांद्यापर्यंत जात होता. हात बधिर झाला, मग ठणकायला लागला. मी तो काढला नाही.

मधेच तो थांबला. घामानं निथळत होता.

"लागतंय का गं?"

त्याला हे लहानपणी कुणीही विचारलं नव्हतं. पुढं मीही कधी नाही.

"लई लागतंय," मी म्हणाले. "तू मार."