काळ्या टोपीचे पाहुणे

शाळूच्या ज्वारीत पाखरांसाठी लावलेलं माझं जाळं कुत्र्यानं फाडलं, असं मी गावभर सांगितलं. ते खोटं होतं. माझ्यादेखत शेजारच्या शेतकऱ्यानं ते विळ्यानं कापलं.

हिवाळ्यात परमुलखातून भारीट पाखरं येत. चिमणीएवढी, पिवळ्या छातीची, नर काळ्या डोक्याचे. "आलं बघा पावणं, काळ्या टोप्या घालून!" असं ओरडत हा शेजारी राखणीच्या माळ्यावरून गोफण फिरवी. धोंडा मात्र एकाही पाखराला लागत नसे.

त्या दिवशी जाळं कापून, मी रश्श्यासाठी पकडलेली पाखरं सोडत तो म्हणाला, "जेवाय आलेल्या पावण्यांस्नी शिजवतोस व्हय रं? आता वाढ की!" आणि त्यानं आपल्या रानातला थवाही माझ्याच शाळूत हाकलला.

बांधाकडची एक ओळ तो पाखरांसाठी न कापता ठेवी. तशी एक ओळ मी त्या पाखरांना अजून देणं लागतो.