कुणाच्या बदलानं बिघडलं

धावड्याच्या त्या मुलीनं पाठवलेली दुरुस्ती सहा ओळींची होती आणि त्या सहा ओळींनी आठवडाभर माझं डोकं उठवलं.

मी मंठ्यात घरी बसून ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, लोक सुचवतात ते बदल तपासते. प्रोसेसरनं किती काम केलं हे मोजणारे काउंटर माझ्या वाट्याला. मशीन झोपेतून उठलं की त्यातला एक काउंटर झालेलं काम पुन्हा मोजायचा. हा दोष त्या मुलीनं पकडला. जालन्यातल्या एका कॉलेजात मी बोलायला गेले होते तेव्हा ती ओळखीची झाली, आता पुण्यात नोकरी करते. कर्नलमधला तिचा हा पहिलाच बदल. शुक्रवारी या खेपेचे बदल घेणं बंद होणार होतं आणि ही आपला बदल याच खेपेला जाणार म्हणून घरी सगळ्यांना सांगून बसलेली.

आमच्यात एक रीत आहे. दोष कुठल्या जुन्या बदलानं आला, ते दुरुस्तीखाली एका ओळीत लिहायचं. हिनं ती ओळच लिहिली नव्हती. मी विचारलं. दुसरी आवृत्ती आली, ओळ नाही. तिसरी आली, तरी नाही. बुधवारी लाइट गेलेली, बाहेर भोंग्यावर कुणीतरी चपला विकतोय आणि चौथ्या आवृत्तीत बाईसाहेबांनी फक्त कोडमधल्या मोकळ्या जागा सारख्या केलेल्या! मी भडकले. जगभरचे लोक वाचतात त्या मेलमध्ये लिहिलं, की साध्या प्रश्नाचं उत्तर देता येत नसेल तर माझा वेळ खाऊ नका. तो जुना बदल मलाही शोधता आला असता, एका कमांडचं काम. पण ते तिचं काम, मी का करू?

गुरुवारी तिचा फोन आला. आधी तब्येत, मग पाऊसपाणी. मी म्हटलं, मुद्द्याचं बोल.

"ताई, तो बदल तुमचाच हाय. सगळ्यांसमोर कसं लिहू? म्हणलं, तुम्ही सोताच बघताल."

मी कमांड दिली. तीन वर्षांपूर्वीचा, माझाच. कान गरम झाले. तिला म्हटलं, लिही, आत्ता लिही. दहा मिनिटांत पाचवी आवृत्ती आली आणि तिच्याखाली मी तपासल्याची नोंद केली.

शुक्रवारी बदल स्वीकारणाऱ्या गृहस्थांनी आमचा सगळा पत्रव्यवहार वाचला. तपासणारीनं इतक्यांदा परत पाठवलेलं काम शेवटच्या दिवशी नको, पुढच्या खेपेला बघू, असं त्यांनी कळवलं. कोड पहिल्या दिवसापासून बरोबर होता, चूक माझी, हे मी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. त्यांनी आभार मानले आणि बदल काही घेतला नाही. पुढची खेप दोन महिन्यांनी.

संध्याकाळी मीच तिला फोन लावला. घरी काय सांगितलंस, विचारलं.

"सांगितलं, माझंच काहीतरी चुकलं होतं. ताईंनी लई समजावून सांगितलं."