बाकी सगळं ऐच्छिक

माझी बहीण आम्रपाली माण गावातल्या एका कंपनीत, चाकणच्या कारखान्यात गाड्या रंगवणाऱ्या रोबोंचे प्रोग्रॅम लिहिते. रोबोला हलवणाऱ्या फंक्शनला वेग, अंतर असे सात आकडे ठरलेल्या क्रमानंच द्यावे लागत. तिच्या टीममधल्या सिद्धेशनं अंतराच्या जागी वेग टाकला आणि चाचणीत रोबोनं गाडी सोडून भिंत रंगवली.

ताई जाम भडकली. तिनं टेम्प्लेटच लिहिलं: बदलायचं तेवढंच नावानिशी सांगा, क्रम कुठलाही, बाकी नेहमीचं धरलं जाईल. पण सक्तीचं काही द्यायचं राहिलं, तर प्रोग्रॅम कंपाइलच होणार नाही, म्हणजे चालण्याजोगा बनणारच नाही. रोबो हलायच्या आधीच चूक पकडली जाणार!

रविवारी जेवणं झाल्यावर आईनं ताईसाठी स्थळांचा विषय काढला. "मुलाची उंची? पगार? गाव?"

"ते सगळं ऐच्छिक. भांडी घासणं सक्तीचं," ताई म्हणाली.

"आणि नसेल घासत तर?" आईनं विचारलं.

"कंपाइलच होणार नाही," बाबा म्हणाले आणि आपलं ताट उचलून मोरीकडे निघाले.