नोंदवहीतले एकशे अठरा तास

मार्लीन हुडकने कुणाचा एक तासही कधी वाढवून लिहिला नाही, हे आमच्या गावात कुणालाही विचारा. ऑर्चर्ड बेंड वृद्धाश्रमात सेवेला येणाऱ्या पोरांची नोंदवही एकवीस वर्षं तिच्या ताब्यात होती. डॉक्टर व्हायला निघालेली कॉलेजची पोरं दरसाल यायची. मेडिकल कॉलेजच्या अर्जात नुसत्या मार्कांवर भागत नाही ना. कुठे काय काम केलंत, किती तास केलंत, ते खरं म्हणून सांगणारं माणूस कोण, त्याचा फोन नंबर काय, सगळं भरावं लागतं. मग ही पोरं चार शनिवार चाकाच्या खुर्च्या ढकलायची आणि उन्हाळ्याच्या तोंडावर येऊन गोड हसत विचारायची, दोनशे तास लिहू ना, मिसेस हुडक? मार्लीन चष्मा नाकावर ओढायची, वही उघडायची आणि म्हणायची, "अकरा. वहीत नाही ते घडलं नाही." दातांच्या डॉक्टरचा एक मुलगा तर तिच्या खोलीतून रडत बाहेर पडला होता. बरी खोड मोडली त्याची.

कोरीन प्रुइट त्यातली नव्हती. तिचा बाप डेल शाळेची बस चालवायचा. बंद पडलेल्या काचकारखान्यामागे त्यांचं घर, आणि त्या घरातून कॉलेजचं तोंड पाहिलेली ही पहिलीच. हडकुळी, अबोल मुलगी. पहिल्याच दिवशी एक म्हातारा तिच्या अंगावर थुंकला. तिने बाही धुतली, परत आली आणि त्याच्याशेजारी बसली. मार्लीनने ते दारातून पाहिलं आणि मनात म्हणाली, ही टिकणार.

आता खरी गोष्ट जेवणाच्या ताटांची आहे. साडेअकराला ताटं यायची. घोटलेला बटाटा, घोटलेले मटार, सफरचंदाचा गर. हाताने खाता न येणारी नऊ माणसं होती, आणि त्यांना भरवायची परवानगी फक्त दोघींना. कायदाच आहे तसा. सरकारी शिकवणी घेतल्याशिवाय कुणी चमचा धरायचा नाही, सेवेकऱ्यांनी तर नाहीच. कायद्यात चूक काही नाही, चुकीचा घास फुप्फुसात गेला तर माणूस जातो. पण दोघींनी नऊ तोंडं भरायची कशी? नवव्या माणसापर्यंत चमचा पोचेस्तोवर मटारावर साय धरायची. व्यवस्थापक ग्लेन वॉरफील्डला सगळं ठाऊक होतं. त्याचं एकच पालुपद, भागवून घ्या. जास्तीची माणसं नेमायचं नाव काढलं की साहेबांना कुठेतरी मीटिंग असायची.

मार्लीनने भागवलं. एका मंगळवारी तिने कोरीनला बाजूला घेतलं आणि सांगितलं, साडेअकराला वहीत सही करून पुढच्या दाराने बाहेर पड, आणि धुणं ठेवतात त्या मागच्या दाराने आत ये. मग स्वतः शेजारी बसून तिला शिकवलं. हनुवटी खाली ठेवायची. अर्धाच चमचा. डोळे ताटाकडे नाही, गळ्याकडे. दोनदा गिळलेलं दिसलं की मगच पुढचा घास. मार्लीन तरुणपणी हेच काम करायची, तिचा हात बसलेला होता. पोरीचा हात त्याहून हलका निघाला. आठवड्यातले तीन दिवस, रोज दीड तास, कॉलेजच्या सुट्ट्या सोडल्या तर दोन वर्षं ती त्या मागच्या दाराने येत राहिली. वहीत त्यातलं एक अक्षर नाही. तपासणीला येणारे ती वही वाचतात, म्हणूनच नाही.

अर्ज भरायची वेळ आली तेव्हा कोरीनने सरळ येऊन विचारलं, वहीतले तास लिहू की खरे लिहू? हे विचारणारी ती पहिलीच. मार्लीनने वही मिटली.

"सगळे लिही," ती म्हणाली. "चारशे तीस होतात ना? लिही. त्यात खोटं काय आहे? माझं नाव टाक. फोन आला तर मी सांगेन."

जानेवारीत प्रवेशाचं पत्र आलं. त्या दिवशी डेल प्रुइटने प्रत्येक थांब्यावर बसचा भोंगा वाजवला. चर्चच्या तळघरात शुक्रवारी मासे तळतात, तिथे कोरीनच्या नावाचा केक कापला आणि पहिला तुकडा मार्लीनला दिला. मुलाखतीत कोरीनला विचारलं होतं, या कामातून काय शिकलीस? तिने म्हणे गळ्याकडे बघायचं कसं ते सांगितलं. समोरचे तिघेही लिहायचे थांबले होते. मार्लीनने हे घरी येऊन नवऱ्याला, अँडीला, दोनदा सांगितलं. अँडी कोळशाच्या भट्टीवर बत्तीस वर्षं राबलेला. फुप्फुसं गेलेली, नाकात प्राणवायूची नळी. त्याच्या औषधपाण्याचा विमा मार्लीनच्या नोकरीवर चालायचा. नोकरी गेली की विमा गेला, आणि विमा गेला की अँडी. आमच्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

एप्रिलमध्ये एका दुपारी एक म्हातारा घास अडकून गेला. त्या दिवशी कोरीन तिथे नव्हतीही, भरवणारी दुसरीच कुणी होती. पण सरकारी तपासनीस येऊन बसले. इथे कोण कोण भरवतं, एवढा एकच प्रश्न ते ज्याला त्याला विचारत होते. ग्लेनने मार्लीनला जिन्यात गाठून हळूच सांगितलं, वही नीट आहे ना? वही तुमची जबाबदारी, हं. बघा, म्हणजे बुडताना कुणाला खाली दाबायचं ते त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं.

बुधवारी सकाळी दहाला फोन आला. टेबलापलीकडे तपासनीस बाई तीच वही चाळत बसल्या होत्या आणि दारात ग्लेन उभा होता. फोन मेडिकल कॉलेजच्या प्रवेश कार्यालयातून होता. बोलणारा मुलगा फार सभ्य. प्रवेश दिलेल्यांपैकी काही जणांची कामं आम्ही पडताळून बघतो, तो म्हणाला, नेहमीचंच आहे, दोन मिनिटं लागतील. मिस प्रुइट यांनी चारशे तीस तास लिहिलेत. तुमच्या नोंदी काय सांगतात?

मार्लीनने नोंद सांगितली. एकशे अठरा. इथवर तिने खोटं काहीच सांगितलं नव्हतं, आणि तो इथे थांबता तर किती बरं झालं असतं. पण तो मुलगा कामाला चोख.

"नोंदीबाहेर त्यांनी काही काम केल्याचं तुम्हाला माहीत आहे का?"

तपासनीस बाईंचं पान उलटणं थांबलं. मार्लीनने ग्लेनकडे पाहिलं, तो बुटांकडे बघत होता.

"नाही," मार्लीन म्हणाली.

त्याने आभार मानले आणि फोन ठेवला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

सोमवारी कोरीन आली, पुढच्या दाराने. हातात पत्र होतं. तासांत तफावत आहे, दहा दिवसांत खुलासा करा, नाहीतर प्रवेश रद्द. ती चिडली नव्हती. तिला वाटलं होतं काहीतरी गोंधळ झालाय. तुम्ही एक फोन केलात की मिटेल, मिसेस हुडक, एवढंच ती म्हणाली. मार्लीनने तिला सांगितलं, हे तपासणीवाले एकदा जाऊ देत, मी लगेच करते. आणि तपासणीवाले रोज येत राहिले. मार्लीन रोज रात्री अँडीच्या नळीचा आवाज ऐकत पडायची आणि ठरवायची, उद्या. लाजेपोटी तिने त्या आठवड्यात कोरीनचे तीन फोन उचलले नाहीत. हे मात्र मला अजून माफ करता येत नाही.

तपासनीस गेले आणि मार्लीनने फोन लावला तो नवव्या दिवशी. या वेळी वरच्या अधिकारी बाई बोलल्या. मार्लीनने सगळं ओकून टाकलं. मागचं दार, ताटं, दोन वर्षं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मिसेस हुडक, मागच्या वेळी तुम्ही नाही म्हणालात. आता हो म्हणताय. यातलं आम्ही कोणतं धरायचं? लेखी काही असेल तर पाठवा."

लेखी! लेखी काही राहू नये म्हणून तर दोन वर्षं तिनेच जपलं होतं. तरी ती धावली. भरवणाऱ्या दोघींतली योलांडा म्हणाली, बाई, मला दोन लेकरं आहेत, मी कुठे सही करत नाही. दुसरी कामाला येईनाशी झाली होती. ग्लेन म्हणाला, असलं काही इथे कधी झालेलं नाही. आणि ज्या नऊ जणांना कोरीनने घास भरवले त्यांतले सात मेले होते. उरलेल्या दोघांना स्वतःचं नाव आठवत नव्हतं. एकवीस वर्षं जिचा शब्द गावाने वहीसारखा मानला, तिच्या शब्दाची ज्या दिवशी गरज पडली त्या दिवशी तो चालला नाही.

प्रवेश गेला. गेला तो गेला, वर असा शेरा बसला की पुढे कुठल्याही मेडिकल कॉलेजात अर्ज केला तरी तो पाठोपाठ जाणार. डेल प्रुइट चर्चमध्ये मार्लीनला बघून दुसऱ्या बाकावर सरकला. वृद्धाश्रमाला लेखी ताकीद मिळाली. मार्लीनची नोकरी राहिली, विमा राहिला. ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्या अँडीला मात्र डिसेंबरात झटका आला. उजवी बाजू गेली, घरी सांभाळणं होईना, आणि त्याला ऑर्चर्ड बेंडमध्येच ठेवावं लागलं. भरवायच्या माणसांत.

जानेवारीतल्या एका दुपारी ती जेवणाच्या वेळी खाली आली तेव्हा त्याच्याशेजारी कोरीन बसली होती. सरकारी शिकवणी पुरी करून ती तिथेच कामाला लागली होती, अंगावर त्यांचा तांबडा गणवेश. ग्लेननेच घेतली, माणसं कमी होती ना. मार्लीन समोरच्या खुर्चीवर बसली. कोरीनने अर्धा चमचा बटाटा घेतला, अँडीची हनुवटी दोन बोटांनी खाली केली आणि त्याच्या गळ्याकडे बघत राहिली.

मार्लीनने खुर्ची पुढे ओढली. मग ती म्हणाली, "पुन्हा अर्ज कर, कोरीन. मी लिहून देते. शपथेवर देते. या वेळी सगळं सांगेन."

कोरीनने मान वर केली नाही. अँडीने एकदा गिळलं. ती थांबली. त्याने दुसऱ्यांदा गिळलं.

"अर्जात या कामाखाली एक नाव लागतं, मिसेस हुडक," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर मार्लीनला सोसला असता. "तुमचंच लिहावं लागेल. आणि ते तुम्हालाच फोन करतील."

तिने अँडीचं तोंड पुसलं, तक्त्यावर वेळ लिहिली, अकरा पन्नास ते बारा वीस, खाली सही केली आणि पुढच्या ताटाकडे गेली.