चाचांचा डावा डोळा

"रिपोर्टमध्ये काही बदल नाही ना मॅडम? मग गुरुवारी दोन्ही डोळे एकदमच काढतो," डॉ. काळे फोनवर म्हणाले.

"बदल नाही," मी म्हटलं. मी तेव्हा नांदुरा स्टेशनच्या बाहेर उभी होते आणि वार होता मंगळवार.

डोळे मेहबूब चाचांचे. चाचा नांदुऱ्याचे टेलर, वय सत्तरच्या आसपास. तरुणपणी त्यांना रातांधळेपणा सुरू झाला, मग नजर चहूबाजूंनी आक्रसत गेली, आणि आता बरीच वर्षं पूर्ण अंधार. त्यात काचबिंदू, म्हणजे डोळ्यातलं प्रेशर वाढलेलं. उजवा डोळा असा ठणकायचा की चाचा भिंतीला डोकं टेकून बसून राहायचे. डावा अजून सोसवत होता, पण तोही त्याच वाटेवर. डॉ. काळे बुलढाण्याचे डोळ्यांचे सर्जन. त्यांचं म्हणणं सरळ होतं: दिसत तर काहीच नाही, मग एकाच ऑपरेशनमध्ये दोन्ही काढू, कृत्रिम डोळे बसवू, दुखणं संपेल. फक्त एक शंका होती, म्हणून त्यांनी मला गाठलं.

ती शंका कळायला माझं काम थोडं सांगावं लागेल. मी मूळची बुलढाण्याची, पुण्याच्या एका लॅबमध्ये डोळ्याच्या पडद्यावर संशोधन करते. पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात हे आपण शाळेत शिकतो. एक अंधुक उजेडासाठी, एक रंगांसाठी. चाचांच्या या दोन्ही गेलेल्या. पण एक तिसरा प्रकारही असतो, संख्येने अगदी थोडा. या पेशींना चित्राशी देणंघेणं नसतं. बाहेर दिवस आहे की रात्र, एवढंच त्या मेंदूला कळवतात आणि त्यावर शरीराचं घड्याळ रोज जुळतं. ठार आंधळ्या माणसातही त्या जिवंत असू शकतात. तसा डोळा काढला, की घड्याळ कायमचं मोकळं सुटतं. ते चोवीस तासांहून जरा मोठा दिवस धरून चालायला लागतं. झोप रोज थोडी पुढे सरकते आणि काही आठवड्यांत माणूस भर दुपारी गाढ झोपलेला सापडतो.

चाचांची तक्रारही हीच होती. "बेटी, माही झोप रोज सरकून राह्यली," पहिल्या भेटीत ते म्हणाले होते. "पहाटची, फजरची अजान कधी कानावर पडते, कधी पत्ताच लागत नाई. इरफान म्हणते, अब्बाचं डोकं फिरलं." इरफान म्हणजे त्यांचा मुलगा. दुकान आता तोच चालवतो.

चाचांच्या या पेशी अजून जिवंत आहेत का, हीच डॉ. काळेंची शंका. बाहुलीवर निळा उजेड टाकून या पेशी तपासता येतात. पण मोतीबिंदूच्या जुन्या ऑपरेशनमुळे चाचांची बाहुली चिकटलेली, हलेचना. मग मी त्यांच्या मनगटावर आमचं घड्याळ बांधलं. ते वेळ दाखवत नाही. माणूस कधी हलला, कधी निजला आणि त्याच्यावर किती उजेड पडला, याची नोंद करून फोनवरून लॅबला पाठवतं. तीन आठवडे चाचांनी ते इमानदारीने वापरलं. डेटा आला. दिवसभर भरपूर उजेड, कारण चाचा दुकानाच्या ओट्यावर बसून हाताने बटणं लावतात. तरी ग्राफवर झोपेच्या रेघा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या रोज एकेक पाऊल उजवीकडे. उजेड मिळतोय आणि शरीराचं घड्याळ जुळत नाही, याचा अर्थ उघड होता. उजवा तर दुखण्यासाठी काढायचाच होता; डाव्या डोळ्याला प्रकाशाची जाण असल्याचा पुरावा नाही, असं मी लिहिलं. आमच्या लॅबच्या प्रमुखांनी, म्हणजे सरांनी, सही केली. मला तर रिपोर्ट फारच नीटस वाटला होता.

त्या मंगळवारी मी आईकडे बुलढाण्याला निघाले होते. बसला वेळ होता, म्हटलं मनगटावरचं घड्याळ स्वतःच परत घेऊन टाकू. फोन न करताच दुकानाकडे गेले.

चाचा रस्त्यापलीकडे ओट्यावर बसले होते. बोटांनी काज चाचपत बटण लावणं चाललेलं. आणि डोळ्यांवर काळाकुट्ट गॉगल, बाजूंनीही बंद असलेला.

"सलाम, चाचा," मी म्हटलं.

आवाज ओळखताच त्यांनी गॉगल काढला, घडी करून खिशात टाकला आणि उठून उभे राहिले.

मी जागच्या जागी थांबले. हॉस्पिटलात, पहिल्यांदा घरी गेले तेव्हा, व्हिडिओ कॉलवर, प्रत्येक वेळी मी चाचांचे डोळे उघडेच पाहिले होते.

"चाचा, हा चष्मा कधीपासून?"

"झाले असतील पाच-सहा वर्षं."

"दिवसभर घालता?"

"हाव. नमाजाआंधी तोंड धुवाले, वजू कराले काढतो, अन् झोपतानी."

"मग माझ्यासमोर कधीच कसा नव्हता?"

त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "शिकल्यासवरल्या माणसासमोर काळा चष्मा लावून बोलाचं? बेअदबी होते ना बेटी."

इरफान मशीन थांबवून बाहेर आला. "अब्बाचे डोळे लाल रायते, फिरत रायते. गिऱ्हाईक बिचकते मॅडम. म्हणून मीच आणून देल्ला. काऊन, काही गलत झालं का?"

गलत माझंच झालं होतं. यंत्र मनगटावर होतं. चाचांच्या हातावर पडलेला उजेड मी मोजला आणि त्यांच्या डोळ्याबद्दल निकाल लिहून मोकळी झाले. मला लाज वाटली. बाजूला जाऊन सरांना फोन लावला.

"सर, रिपोर्ट मागे घ्यावा लागेल."

"सही होऊन गेलाय तो."

"चुकीचा आहे. सब्जेक्ट दिवसभर काळा गॉगल घालतो."

"प्रोटोकॉलमध्ये हा प्रश्न नव्हता?"

"नव्हता. प्रोटोकॉल मीच लिहिलाय."

"मग मला कशाला फोन करतेस? आधी सर्जनला कर."

डॉ. काळे चिडले नाहीत. "म्हणजे डाव्याला उजेड कळतो?"

"कळत असेल. खात्री नाही."

"खात्री नाही यावर मी पेशंटला काय सांगू?"

"गुरुवारी उजवाच काढा. डाव्याला थेंब चालू ठेवून एक महिना द्या. गॉगल न घालता."

"देतो. पण प्रेशर चढलं तर मी थांबणार नाही," ते म्हणाले, आणि ते बरोबरच होतं.

इरफानला हे पटेना. एक डोळा बांधलेला, दुसरा लाल, असे अब्बा ओट्यावर दिवसभर बसणार? चाचांनी मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "डॉक्टरसमोर काढतो, तं गिऱ्हाइकासमोर काऊन नाई?" ते म्हणाले. "भाकर तं तेच देते आपल्याले."

उजवा डोळा गेला, दुखणं गेलं. चाचा सकाळपासून उघड्या डोळ्याने ओट्यावर बसायला लागले. घड्याळ मी त्यांच्या मनगटावरच राहू दिलं होतं; रोज ग्राफ उघडायचे. दहा दिवस रेघा तशाच सरकत राहिल्या. मी मनातून हरले होते. चाचांच्या मनात उगीच आशा जागवली, असं वाटून जेवण जात नव्हतं. बाराव्या दिवशी रेघ जरा अडखळली. चौथ्या आठवड्यात सगळ्या एकाखाली एक, सरळ. मी लॅबमध्ये बसून रडले, हे सांगायला मला आता संकोच वाटत नाही.

सर म्हणाले, "योगायोग असू शकतो. गॉगल परत महिनाभर घालून दाखव, मग पेपर होईल." शास्त्राच्या दृष्टीने ते अगदी रास्त होतं. मी चाचांना ते विचारलं नाही, म्हणून पेपर झाला नाही.

डाव्याचं प्रेशर थेंबांवर आटोक्यात आहे. तो डोळा अजून चाचांपाशीच आहे. त्याला दिसत काहीच नाही. चाचा फजरला उठतात.

आमच्या फॉर्मवर आता एक ओळ वाढली आहे: डोळ्यांवर दिवसभर काय असतं? आणि सब्जेक्टच्या घरी एकदा तरी न कळवता जायचं, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. पण एक विचार पाठ सोडत नाही. त्या मंगळवारी घड्याळ मी कुरिअरने मागवलं असतं, तर डोळे निघाले असते, चाचांची झोप जन्मभर सरकत राहिली असती, आणि प्रत्येक नव्या ग्राफने माझाच रिपोर्ट बरोबर ठरवला असता.