झेंडा हलल्यावर

आखाती युद्धानंतर आखातातल्याच सनद गावच्या आमच्या शीतगृहात एक युरोपियन इंजिनिअर आला. बर्फाच्या उतारावरून घसरत येऊन हवेत झेप घ्यायच्या खेळातला तो विजेता. मॅनेजरनं भाषण ठोकून त्याला शाल पांघरली, ऐन जूनमध्ये.

रोज जेवणाच्या सुट्टीत तो माल चढवायच्या ओट्याच्या कडेला बसून समोर बघत राही.

"नमाज नाय, योगा नाय, मग करतो तरी काय ह्यो?" आमचे रत्नागिरीचे ड्रायव्हर हसनभाई मला विचारत.

शेवटी मी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "उताराच्या माथ्यावर दांडीवर बसून राहायचं. वारा जुळला की खालून कोच झेंडा हलवतो, मग आम्ही सुटतो. शेवटच्या स्पर्धेत झेंडा हलला आणि मी उठलोच नाही." का, ते त्यालाही कळलं नव्हतं.

मी हे सांगताच हसनभाईंनी ओट्याखाली उभं राहून खांद्यावरचा रुमाल हलवला. "यल्ला, चला साहेब!"

तो बराच वेळ बसून राहिला. मग उठला आणि तीन फुटांवरून, हात पसरून, खाली आला.

"किती लांब?" त्यानं गंभीरपणे विचारलं.

हसावं की टाळ्या वाजवाव्यात, मला कळेना. हसनभाई मात्र वाकून वितीनं मोजायला लागले होते.