हरण्यानं काही केलं नव्हतं

माझ्या बहिणीला बैलानं पाडलं नव्हतं. मी पाडलं होतं. एवढी वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही, आणि वेणू गेली तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक माणूस ओसरीवर टेकता टेकता हेच म्हणत होता, "बैलानं घात केला बाईचा... नाही त कशी टनक पोरगी होती." मी मान हलवत राहिलो. नागपूरहून तिला घेऊन आलो त्या दुपारपासून तेरावं होईपर्यंत मी त्या बैलाच्या नावावर लोकांचं सांत्वन घेत होतो. शेजारचे म्हातारे काका तर म्हणाले, "तुया बापानं त्याले झोडपला ते बेसच केलं होतं." तरीही मी मान हलवली. म्हणून वेणूबद्दल लिहायचं तर मला तिथूनच सुरुवात करावी लागते.

आमचं गाव नांदुऱ्यापासून बैलगाडीनं तासाभराच्या वाटेवर. वेणू माझ्यापेक्षा धाकटी. हरण्या हा बैल तिनंच वाढवलेला होता. तो वासरू असताना त्याची गाय मेली, तेव्हा वेणू कापडाची वात करून त्याला दूध चोखवायची. पुढं तो जोडीला लागला, गाडीला जुंपला जाऊ लागला, तरी वेणूचा आवाज आला की कान टवकारायचा. ती त्याच्याशी भांडायचीसुद्धा. "काऊन बे, एवढंसं तोंड काऊन करून राह्यला? तुलेही लग्न करा लागते काय?" असं ती तिच्या हळदीच्या दिवशी गोठ्यात जाऊन त्याला म्हणाली होती, आणि आम्ही सगळे हसलो होतो.

तिला जळगाव जामोदकडं दिलं. घर भरलेलं, दारात दोन जोड्या. पहिल्या अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी आली तेव्हा तिच्या दंडावर भाजल्याचा डाग होता. आईनं विचारलं तर म्हणाली, भाकरी करताना लागलं. दंडाच्या मागच्या बाजूला भाकरी करताना कसं लागेल, हे आईलाही कळत होतं आणि मलाही. पुढच्या अखजीला तिचा कानाजवळचा जबडा सुजलेला होता आणि तिनं काही लपवलं नाही. नवरा सांडशीनं मारतो, दार लावून मारतो, सासू बाहेर बसून तांदूळ निवडते, असं तिनं सरळ सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, अखजी झाली की पोचवून या. मीही गप्प बसलो. त्याला कारण होतं. तिच्या सासरच्याच भावकीत माझं लग्न ठरलेलं होतं. वेणू परत गेली नसती तर माझी सोयरीक मोडली असती.

पोचवायला मीच निघालो. नांदुऱ्याला जाऊन बस पकडायची होती. ऊन चढलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाव मागं पडल्यावर वेणू चालत्या गाडीतून उतरली आणि उलट चालू लागली. मी गाडी थांबवून तिच्या मागं धावलो. "मारून टाकतीन रे भाऊ ते मले," ती म्हणाली. मी म्हणालो, संसारात थोडं सोसावं लागतं. तेव्हा तिनं माझ्या तोंडावर सांगितलं, "तुले बायको पाह्यजे म्हनून मी मरू काय?" तिनं म्हटलं ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच माझं डोकं फिरलं. माझ्या हातात तुतारी होती. तुतारी म्हणजे आमच्याकडं बैल हाकायची काठी, टोकाला लोखंडी आर ठोकलेली. ती मी तिच्या पाठीत घातली. एकदा नाही, हात थांबेपर्यंत घातली. मग केसांना धरून ओढत आणलं, गाडीत टाकलं. ती पुन्हा उतरायला लागली, मी तिला मागं ढकललं, आणि ती गाडीच्या साट्यावरून पलीकडं उलटी, रस्त्याखालच्या मोरीच्या दगडावर कंबरेवर पडली. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला. बैल जागचे हलले नव्हते. हरण्या मान वळवून बघत होता, हे मला अजून दिसतं.

परत घरी आणताना मी वाटेतच ठरवलं. अंगणात गाडी थांबताच म्हणालो, "हरण्या बुजाडला." वेणू वेदनेनं अर्धी बेशुद्ध होती. बाबांनी हरण्याला खुंट्याला आखूड बांधला, विहिरीचा जाड नाडा दुहेरी केला आणि मारायला सुरुवात केली. नाड्यानं भागेना तेव्हा जोखडाची खीळ घेतली. बैल गुडघ्यावर आला, नाकातून रक्त आलं, तोंडातून फेस. त्याचं ओरडणं ऐकून शेजारपाजारचे जमले, पण एकानंही बाबांचा हात धरला नाही. आत बाजेवरून वेणू किंचाळत होती, "त्याले नका मारू... त्यानं काई नाही केलं... बाबा, त्यानं काई नाही केलं!" सगळे म्हणाले, पाहा केवढी माया. ती काय सांगत होती हे त्या अंगणात फक्त मला कळत होतं, आणि मी खांबाला टेकून उभा होतो. पुढच्या बाजाराला हरण्याला विकून टाकलं. लंगडत गेला.

मला वाटलं, शुद्धीवर आल्यावर ती बोलेल. ती बोलली नाही. हाडात खिळा मारला, तो काही जमला नाही. मग नागपूरला नेऊन खुब्यात लोखंडाचा गोळा बसवला. त्या काळात असलं काही आमच्या गावात कुणी ऐकलेलंही नव्हतं. लंगडी बायको नको म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि वेणू कायमची माहेरी राहिली. दोन्ही घरांत भांडण झालंच नाही, कारण दोष बैलाचा होता. त्यामुळे माझं लग्नही ठरल्याप्रमाणे झालं.

वेणूनं मळ्यात वांगी-मिरच्या लावल्या, त्यावर तिचं पोट तिनं चालवलं. जीभ अशी की बाजारात कुणी तिच्याशी घासाघीस करायला धजत नसे. घरातल्या पोरांनी एकदा तिच्या खुब्याला चुंबक लावून पाहिला. तो चिकटला नाही तेव्हा म्हणाली, "पाह्यलं? डाक्टरनं लोखंडाच्या नावाखाली काय घातलं कोनाले मालूम!" माझ्याशी ती रोजच्यासारखी बोलायची. भाकरी वाढायची. पण चालायला लागल्यावर पहिलं काम तिनं एकच केलं होतं... घरातल्या प्रत्येक तुतारीची आर पकडीनं उपटून उकिरड्यात फेकली होती. पुढं एकदा नांदुऱ्याच्या रस्त्यावर एक गाडीवाला चढावर अडलेल्या बैलाला आर टोचत होता. वेणूनं जवळ जाऊन आपल्या हातातली काठी त्याच्या पाठीत अशी हाणली की तो खाली बसला. "लागलं काय?" तिनं विचारलं. "मंग त्याले काय गुदगुल्या होऊन राह्यल्या काय बे?" काठी मारताना ती स्वतः तोल जाऊन पडली. मी उचलायला गेलो तर म्हणाली, "तू हात लावू नको." तेवढं एकच वाक्य तिनं मला त्या काळात तोडून म्हटलं.

दोनेक वर्षांपूर्वी तिची मांडी दुखू लागली. बसून उठली की पहिली काही पावलं ओठ चावत टाकायची, मग जरा बरं वाटायचं. पाय हळूहळू आखूड झाला. आतून कटकट आवाज येतो म्हणायची. नागपूरच्या डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि दाखवलं, गोळ्याचा दांडा हाडात सैल झाला होता, वरची वाटी झिजली होती. असंच चालू राहिलं तर एक दिवस हाड आतून फुटेल आणि मग बाज सुटणार नाही. आता सिमेंट लावून पूर्ण नवा सांधा बसवता येतो, पण जुना काढणं अवघड. रक्त जाईल, जंतू धरतील, जिवालाही धोका आहे. तरुण डॉक्टर होते, सगळं समजावून सांगणारे. कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "मुळात हे मोडलं कसं होतं?"

माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "बैल बुजाडला होता."

वेणू माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "सोड न भाऊ त्या बैलाले आता. अजून किती मारशीन?"

डॉक्टरांना वाटलं, बाई घाबरून काहीतरी बोलते आहे. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाई, जुना दांडा निघाला नाही तर हातोडी-छिन्नीनं हाड फोडावं लागेल. तुमची तयारी असेल तरच करू. नको म्हणालात तर हात लावणार नाही." वेणूच्या डोळ्यांत पाणी आलं. तोवर मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, दगडावर पडल्यावरही नाही. "डाक्टर," ती म्हणाली, "मोडाच्या आंधी इचारनारे तुमीच पह्यले."

ती महिनाभर विचार करत होती. भीती वाटत होती तिला, हे मी पाहत होतो. मांडीवर हात दाबून धरायची, जसं आतलं काही पळून जाईल. शेवटी एका सकाळी म्हणाली, जाऊ. बसची पायरी तिला चढवत नव्हती, म्हणून स्टेशनपर्यंत गाडीच जुंपली. तीच वाट होती. मोरीपाशी आल्यावर मी गाडी थांबवली. खाली उतरलो, तिच्या पायांशी उभा राहिलो आणि म्हणालो, "वेणू, मले..."

"मले नको सांगू," ती मधेच म्हणाली. "मले मालूम हाय. ज्यानं मार खाल्ला त्याले सांग."

"तो कुठं हाय आता?"

"पोळ्याच्या खांदमळनीले सांगजो. समद्यायच्या समोर. मी असन तवा." तिनं काठीनं साट्यावर टकटक केलं. "चाल, आगगाडी चुकवतं काय?"

शस्त्रक्रिया झाली. दांडा काढताना हाड फोडावं लागलंच. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता, पण नवा सांधा नीट बसला होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती उशीला टेकून बसली, मला म्हणाली, "पाह्य, दोन्ही पाय बरोबर दिसून राह्यले." त्याच संध्याकाळी तिला एकदम श्वास लागला. रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली होती. डॉक्टर तिच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत होते, बरगडी मोडल्याचा आवाज आला... आणि मी पुन्हा भिंतीला टेकून उभा होतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडं खांदमळणी असते. जोखडानं घट्टे पडलेले बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळायचे, पळसाच्या पानांनी शेकायचे आणि त्यांना म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. ते काम दरवर्षी वेणू करायची. खाली बसता येत नसे म्हणून उभ्यानंच, गोठ्याच्या खांबाला टेकून. शेवटी ती प्रत्येक बैलाच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटायची. मी एकदा विचारलं होतं, काय सांगतं वं? म्हणाली, "तुया कामाचं नाही."

यंदा हळदीची वाटी मी घेतली. गोठ्याच्या खुंटीवर तिची काठी आणि तिच्या शेजारी आर नसलेली तुतारी, दोन्ही तशाच अडकवलेल्या होत्या. अंगण माणसांनी भरलं होतं. सुतकानंतरचा पहिला सण म्हणून भावकी आली होती. आरतीचं ताट घेऊन माझी बायको उभी होती. मी बैलाचे खांदे चोळले, आवतण दिलं आणि त्याच्या कानाशी वाकून बोललो. मागून म्हातारे काका म्हणाले, "काय बे, तूही वेणूसारखा कानात सांगून राह्यला काय? आमाले ऐकू येऊ दे न."

मी सरळ उभा राहिलो. बैलाच्या मानेवरचा हात काढला नाही, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हरण्या, तू काई केलं नव्हतं. वेणूले म्या मारलं, म्या पाडलं, आन् तुया अंगावर मार पडू देला. मले माफ कर."